लाल झालेलं बोट

शाल्मली सकाळपासून काचेआड बसून आपल्या बोटाकडे बघत होती. चंद्रावरच्या वसाहतीत जन्मल्यामुळे चौतीस वर्षांत तिची एकाही रोगजंतूशी गाठ पडली नव्हती. रत्नागिरीच्या तपासणी केंद्रात डॉक्टर बेहेऱ्यांनी तिच्या बोटात थोडे सौम्य जंतू टोचले होते. संध्याकाळपर्यंत शरीराने त्यांच्याशी लढा दिला नाही, तर तिला परत चंद्रावर जावं लागणार होतं. काचेपलीकडे तिची कुमुदआत्या उभी होती. दोघींनी एकमेकींना आजवर फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

दुपारी बोट लाल झालं, सुजलं आणि ठणकू लागलं. जंतूच जिंकले असं वाटून शाल्मली घाबरली. "डॉक्टर, मला काहीतरी होतंय!"

बेहेऱ्यांनी बोट दाबून पाहिलं आणि ते हसले. "अहो, तुमच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडल्यात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, जन्मतःच येतं. आता खुशाल राहा इथे."

काचेचं दार सरकलं. आत्याने तिला घट्ट मिठी मारली, मग बोट हातात घेतलं. "अगं बाई, केवढं सुजलंय! घरी गेल्यावर हळद लावते हं."

"नको गं आत्या," शाल्मली डोळे पुसत म्हणाली. "दुखू दे जरा."