थोरल्याचा वाडा

राळेगणसिद्धीचे बंधारे बघायला आलेले इंग्लंडचे हेन्रीसाहेब शेजारच्या गावात गोरक्षच्या घरी चहाला थांबले. जमिनीच्या वाटणीवरून त्या घरात दोघा भावांचा अबोला चालू होता. साहेबांनी मोबाईलवर आपल्या गावाकडच्या वाड्याचा फोटो दाखवला. मूळचा तो पाद्र्यांचा मठ. राजाने मठ मोडला, तेव्हा साहेबांच्या पूर्वजांनी स्वस्तात घेतला. सोबत आलेल्या शॅरन मॅडम सगळं मराठीत सांगत होत्या.

"एवढ्या वर्षांत वाटणी न्हाई झाली?" थोरल्या गोरक्षने विचारलं.

"नाही. आमच्यात सगळं थोरल्याला मिळायचं. म्हणून तर वाडा टिकला."

"बघा, शिकलेली मानसं हायेत," गोरक्ष भिंतीकडे बघत म्हणाला. भिंतीला टेकून धाकटा आदिनाथ बसला होता.

आदिनाथने कपबशी खाली ठेवली. "मॅडम, धाकट्यांचं काय करायचे, तेवढं इचारा."

साहेब माणूस सरळ. म्हणाले, "त्यांना काहीच नसायचं. मग ते लष्करात भरती होऊन हिंदुस्थानात यायचे. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ तर इथेच होते, भिंगारच्या छावणीत."

दोघा भावांची आई बनुबाई इतका वेळ उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली.



"गोरक्षा, उद्याच मोजणी बोलव अन् निम्मं रान त्याला दे. धाकट्याला रिकाम्या हाती भायेर काढलं, की त्यो दुसऱ्याच्या घरात घुसतो अन् दीडशे वर्षं उठत न्हाई."