‘बोरू’ म्हणजे कोण

“आता पुढची ओळख,” संयोजक म्हणाले, आणि शैलजा खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

मोडी वाचणाऱ्यांच्या या ऑनलाइन समूहात चार वर्षं सगळे तिला ‘बोरू’ या नावानंच ओळखत होते. कुणालाही न लागलेली जुनी कागदपत्रं ती वाचून द्यायची, म्हणून लोक तिला ‘सर’ म्हणायचे. आज सांगलीत सगळे पहिल्यांदाच समोरासमोर बसले होते. तिच्या आधी दोन प्राध्यापक आणि एक वकील बोलून गेले होते.

ती उभी राहिली. “मी ‘बोरू’. शैलजा खोत. एसटीत कंडक्टर आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मोडी शिकले.”

मघाच्या दोन प्राध्यापकांपैकी जे वयस्कर होते, ते उठून तिच्याजवळ आले.

“माझ्या पणजोबांचं पत्र तुम्हीच वाचून दिलंत? मी तीस वर्षं झटत होतो त्यावर.” त्यांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. “बाई, हे सगळ्यांना वाचून दाखवाल?”

गर्दीत थांब्यांची नावं पुकारून कमावलेल्या खणखणीत आवाजात शैलजानं पहिली ओळ वाचली. शेवटच्या रांगेतल्यांनाही ती स्पष्ट ऐकू गेली.