मंगळवारचं बोलणं

कासू स्टेशनात उतरतानाच मनालीनं ठरवलं होतं, आज कृष्णाआत्याला सांगून टाकायचं. चहाच्या आधीच. चहा पोटात गेला की जीभ रेटायची नाही.

मनाली समुपदेशनाचं एम.ए. करत होती. सरावासाठी कुणालातरी समोर बसवायचं, त्याचं ऐकायचं आणि रेकॉर्डिंग कॉलेजातल्या मॅडमना द्यायचं. आत्याच्या गावात विचारलं तर ‘आम्हाला काय येड लागलंय?’ म्हणून लोक अंगावर आले. शेवटी आत्याच म्हणाली, “मी बसते गो. माझं काय जातंय?”

पहिल्या मंगळवारी गाडी गुडघेदुखीच्या पुढे सरकली नाही. पुढच्या मंगळवारी मात्र आत्या बोलत सुटली. तिचा मुलगा साईराज रोह्याला कंपनीत. फोन करतो, ‘जेवलीस का’ विचारतो, ठेवतो. “दिवसभरात मी बोलते ती कोंबड्या हाकलायला,” असं म्हणून ती हसली होती आणि हसता हसता रडली होती.

काल मॅडमनी ते ऐकलं. “छान बोलतायत. कोण या?”

“माझी आत्या.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. नात्यातलं माणूस चालत नाही, हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. रेकॉर्डिंग पुसायचं, दुसरं कुणी शोधायचं. मनालीनं मान डोलावली. गावात नात्यातलं नाही असं कोण असतं, हे काही तिला तोंड वर करून विचारता आलं नाही.

आत्या ठेवणीतलं लुगडं नेसली होती. टीव्ही बंद. दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. मनाली आत येताच आत्यानं दाराला कडी घातली. दिवसाढवळ्या कडी लागली की गावानं समजायचं, घरात भांडण आहे नाहीतर मयत. शेजारची सीताबाई धावतच आली.

“काय झालं गो कृष्णे? दार का लावलंस?”

“काय नाय झालं. काम हाय माझं,” आत्या आतूनच ओरडली. आवाजात केवढा तोरा! मग ती खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “चालू कर तुझा फोन. आज सायराजच्या बापाचं सांगते. ते अजून कुनाला नाय सांगितलं.”

फोन तसाच पर्समध्ये ठेवून मनालीनं सगळं एका दमात सांगितलं.

आत्याला आधी कळलंच नाही. “माझं काय चुकलं काय?”

“तुझं नाही गो. नियमच तसा आहे. आपलं माणूस चालत नाही. परकं लागतं.”

“म्हंजे आता तू यायची नाय?”

“येईन की. अशीच येईन, गप्पा मारायला.”

“अशी तू दिवाळीला येतेस,” आत्या म्हणाली. रागानं नाही, जे होतं ते सांगितल्यासारखं. बोटाला पदराचं टोक ती गुंडाळत राहिली. समोरचा गप्प झाला तर मध्ये बोलू नये, असं मनालीला शिकवलं होतं.

“तुझ्या मॅडमला येक ईचारशील?” आत्या शेवटी म्हणाली. “आपलं मानूस चालत नाय, तर परकं कोन येतंय गो माझ्याकडं?”