काढून टाका

घोडेगावच्या बाजारात भानुदासांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. थकलेल्या बैलाचा जबडा उघडायचा, दात बघायचे आणि मालकाला बाजूला घेऊन सांगायचं, "आता ह्याचे किती दिस राह्यलेत? उगं खर्चात पडू नका, काढून टाका." दात बघायची ती नजर त्यांनी मोठ्या हौसेनं आपल्या पोराला, आदिनाथलाही शिकवली.

आज भानुदास स्वतःच केडगावच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे होते. ठणकत्या दाढेनं चार दिवस घास गिळू दिला नव्हता. डॉक्टरीणबाई आरसा घालून बघत आदिनाथला म्हणाल्या, "मुळं पक्की आहेत. रूट कॅनॉल केलं तर दाढ अजून दहा-पंधरा वर्षं सहज टिकेल. नाहीतर मग काढावी लागेल."

आदिनाथनं वाकून बापाच्या उघड्या तोंडात एकवार बघितलं. मग बाईंना जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पंच्याहत्तरी झाली त्यांची. आता असे किती दिस राह्यलेत, मॅडम? उगं खर्चात कशाला पडायचं? काढून टाका."

बाई खुर्चीजवळ येऊन म्हणाल्या, "बाबा, दाढ तुमची आहे. काय करायचं, ते तुम्ही सांगा."

भानुदासांनी सुजलेला गाल तळव्यात धरला. पोराकडं त्यांनी बघितलं नाही.

"दात बघून झाल्यावर बैलाला कुनी इचारतं व्हय, बाई?"