शेजारचा पिठलं-भात

"आज काय करू?" विभावरीने ओट्यावरच्या पडद्याला विचारलं. फ्रिजमध्ये काय उरलंय ते तो पाहायचा, माणसांच्या मनगटावरच्या पट्ट्यांवरून त्यांची नाडी वाचायचा आणि रेसिपी सुचवायचा.

"पिठलं-भात. सहा माणसांचा."

"अरे, आम्ही दोघंच आहोत!"

"तुमच्यासाठी नाही. शेजारी द्यायचा आहे."

काहीतरीच! तरी तिने बेसनाचा डबा काढला. तेवढ्यात बेल वाजली; डबा हातात घेऊनच तिने दार उघडलं. दारात शेजारची शैला होती, हात कणकेने माखलेले.

"वहिनी, तुमचा पडदा चालतोय का हो? आमचा मघापासून एकच सांगतोय, आज घरात काही शिजवू नका. हे साइटवरून निघाले असतील, आल्याआल्या जेवायला मागतील."

माणूस गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत, पिठलं-भात शेजारून जातो. मेल्या पडद्याला हेही कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. आणि शैलाच्या नवऱ्याच्या मनगटावरही पट्टा होताच.

"आत ये, बैस जरा," विभावरी कशीबशी म्हणाली.

"बसायला वेळ कुठे? पोळ्या खोळंबल्यात." शैलाची नजर डब्यावर गेली. "आज तुमच्याकडे पिठलं वाटतं?"