गुरुवारचा फोन

"नाव नका सांगू," पाळकपदाचा उमेदवार फोनवर घाईघाईने म्हणाला. "इथे नाव विचारत नाहीत."

"सांगणारच नव्हतो," पलीकडून कुजबुज आली. "मला फक्त प्रार्थना करून हवीय. माझ्याच्याने होत नाही."

उमेदवाराने डोळे मिटले आणि प्रार्थना केली. शब्द चांगले होते, सेमिनरीच्या धर्मशिक्षणात घोटून घेतलेले. पलीकडचा माणूस आमेन म्हणाला नाही. त्याने फोन ठेवला.

पाळक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला दीक्षेआधी वर्षभर चर्चच्या तळमजल्यावरच्या या खोलीत प्रार्थनेचा फोन सांभाळावा लागे. पाळकसाहेबांचे नियम मोजकेच. नाव विचारायचं नाही, उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. पाळकसाहेब वरच्या मजल्यावर राहत. आवाज असा खणखणीत, की रविवारी माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर पेंगणारे दचकून सरळ बसत. अशा माणसाला शंका कुठून शिवणार, असं उमेदवाराला वाटे आणि स्वतःची आणखीच लाज वाटे.

कारण त्याचा विश्वास उडाला होता. तसं काही घडलंही नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. पूर्वी गुडघे टेकले की समोर कुणीतरी आहे असं वाटायचं, ते हळूहळू वाटेनासं झालं. लहानपणी तो खुर्च्या ओळीने मांडून त्यांना उपदेश करायचा, म्हणून घरात त्याला 'पाळकबुवा' म्हणत. त्या खुर्च्या बऱ्या, असं आता त्याच्या मनात येई. निदान दिसत तरी होत्या.

आईला हे सांगायचं कसं? तिने दीक्षेचा पांढरा झगा शिवून कपाटात ठेवला होता आणि येईल त्याला तो काढून दाखवत होती.

"अगं, दाखवून दाखवून मळेल तो," आत्या म्हणाली.

"मळू दे. दुसरा शिवीन," आई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की उमेदवाराला बोलायचा धीरच झाला नाही.

शेवटी त्याने ठरवलं. शुक्रवारी वर जायचं आणि पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं, की मला देवाचं पाचारण नाही, आहे असं वाटलं ती माझी चूक. मग आई रडो, लोक हसोत, पुढचं पुढे.

आदल्या दिवशी, गुरुवारी, दिवेलागणीला पुन्हा ती कुजबुज आली. गेले कित्येक गुरुवार येत होती.

"आज प्रार्थना नको," माणूस म्हणाला. "आज खरं सांगतो. माझा विश्वासच उरलेला नाही. घरीदारी कुणाला ठाऊक नाही. सांगायची सोयही नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे."

अशा वेळी काय बोलायचं ते सगळं शिकवलेलं होतं. उमेदवाराने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"माझाही नाही."



"मग तिथे कशाला बसलायस?" त्या संध्याकाळी तुम्हीचं तू झालं.

"तुमचा फोन येतो म्हणून. दुसरं कारण मला तरी सापडत नाही."

"आणि तू उचलतोस म्हणून मी आठवडा ढकलतो," माणूस म्हणाला. "तू उठून गेलास तर माझं कठीण आहे, बाबा."

शुक्रवारी उमेदवार अर्धा जिना चढला आणि परत फिरला. देव असो नसो, एका माणसाला आपण हवे आहोत. त्याच्यापुरतं पाळक व्हायला काय हरकत आहे? यात समाधान वगैरे काही नव्हतं. जीव नुसता कुठेतरी टेकला, इतकंच.

यथावकाश दीक्षा झाली. आई हुंदके देऊन रडली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याला देव आठवला नाही, तो कुजबुजणारा माणूस आठवला.

पुढच्याच गुरुवारी पाळकसाहेबांनी त्याला वर आपल्या खोलीत बोलावलं.

"खाली तुझ्या जागी नवी मुलगी बसलीय. हुशार आहे."

"साहेब, तेच बोलायचं होतं. गुरुवारी एकाचा फोन येतो. तेवढा मला घेऊ द्या. नवा आवाज ऐकला तर तो ठेवून देईल."

"तो नाही येणार आता."

"का? काय झालं त्याला?"

"काही नाही. मीच तो." पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "इथली जुनी पद्धत आहे ही. पेपर काय, कुणीही पाठ करून सोडवतो. वर ऐकणारा कुणी नाही असं वाटत असतानाही जो फोन उचलतो, त्यालाच दीक्षा द्यायची. तू उत्तम पास झालास."

तो मटकन खुर्चीत बसला. ज्या एका माणसासाठी तो राहिला होता, तो माणूस म्हणजे तोंडी परीक्षा होती. आता दीक्षा घेऊन झाली होती, आईने अख्ख्या गल्लीला पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली होती, आणि जगात त्याची गरज असलेलं कुणीच नव्हतं. त्याला रडूही येईना.

पाळकसाहेबांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला.

"आजपासून हे तुझं काम. दर गुरुवारी खाली त्या मुलीला फोन लावायचा. हळू बोल, कुजबुजलं की आवाज ओळखू येत नाही. सुरुवातीला नुसती प्रार्थना माग. बाकीचं मग कधीतरी, सावकाश." ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "आणि नाटक कसं जमेल म्हणून घाबरू नकोस. इतक्या वर्षांत मला ते एकदाही करावं लागलं नाही."