अर्थिंगची बादली

"रोज एक बादली. विसरायचं नाही हं," दिवाकरकाकांनी प्लास्टिकची बादली ईशाच्या हातात दिली.

सुदामा नगरातल्या त्या दोन घरांची मधली भिंत एक आणि अर्थिंगचा खड्डाही एकच. खड्डा होता ईशाच्या अंगणात, कण्हेरीशेजारी. गिरणीला टाळं लागल्यापासून ईशाची आई शिलाई मशीनला मोटर लावून संध्याकाळी ब्लाउज शिवायची. मोटर सुरू झाली की भिंतीपलीकडे काकांच्या नव्या कलर टीव्हीवर पांढऱ्या रेघा नाचायला लागायच्या.

"थंडीत तर असं होत नव्हतं," ईशा म्हणाली.

"तेव्हा जमिनीत ओल होती ना, बेटा. आता हवा कोरडी, माती कोरडी. मोटरचा जो कचरा खाली जमिनीत उतरायचा, तो आता तारांतून घरभर फिरतो. मतलब टीव्ही, रेडिओ, जे सापडेल त्यात घुसतो. खड्डा ओला ठेवला की बस." काका सांवेर रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होते, त्यांना असलं सगळं कळायचं. "माझी शिफ्ट असते, आणि आमची रुची म्हणजे एक नंबरची विसरभोळी. तू हुशार."

हुशार म्हणे. टीव्ही रुचीचा, नोकरीवाले बाबा रुचीचे, आणि पाणी मात्र ईशाने घालायचं. तरी त्या दिवशी तिने घातलं. अगदी मन लावून घातलं.

संध्याकाळी तिचे बाबा इस्त्रीचा सदरा चढवून शेजारी निघाले. एप्रिलचा उकाडा, घरात ते बनियनवर बसायचे. पण रुचीकडे जायचं तर खिशाचा सदरा.

"टीव्ही बघायला गेलेत," आई मशीनवरची मान न उचलता म्हणाली.

"ऐकू तर काहीच येत नाही त्यांना."

गिरणीच्या साचाखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात बाबांची उमेदीची वर्षं गेली आणि गिरणी बंद पडायच्या आधीच त्यांचे कान बंद पडले. ते समोरच्याचे ओठ वाचायचे. साचाखात्यात सगळे तसंच बोलत. ईशाने भाषणाच्या स्पर्धेत कप मिळवला तेव्हा बाबा पहिल्या रांगेत होते. इकडेतिकडे बघून, सगळ्यांनी वाजवल्यावर, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ईशाने हळूच शेजारच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते. त्यांच्या पाठीमागे उभी राहून रुची पेपरातलं काहीतरी वाचत होती, आणि बाबा हसत होते. घरात असं हसताना त्यांना कुणी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

ईशाच्या अंगाचा तिळपापड झाला. कप आणायचा आपण, आणि हसायचं जाऊन रुचीकडे?

दुसऱ्या दिवशी बादली कण्हेरीला गेली. मग रोजच जायला लागली.

गुण लगेच आला. आईची मोटर घरघरली की पलीकडून रुची ओरडायची, "अरे यार, फिर आ गईं लाइनें." थोड्या वेळाने बाबा परत यायचे, कानशील चोळत. ईशा धावत पाणी आणायची, त्यांच्यासमोर मांडी ठोकून शाळेतल्या गमती सांगायची. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहायचे. आता कसे, पुरतेच्या पुरते तिचे बाबा.

"पाणी घालतेस ना गं?" शाळेच्या वाटेवर रुचीने विचारलं.

"मग काय. बघ ना, कण्हेर कशी फुललीय."

"घाल हं प्लीज. थोडेच दिवस राहिलेत."

"कशाचे? तुझी सीरियल संपतेय?"

रुचीने ओठ चावला. "तुला नाही सांगायचं असं ठरलंय."

ठरलंय. म्हणजे बाबा आपले, आणि त्यांचं ठरतं हिच्याशी. त्या संध्याकाळी ईशाने कण्हेरीला दोन बादल्या घातल्या.

आणि मग एक दिवस बाबा शेजारी गेलेच नाहीत. सदरा खुंटीला तसाच राहिला. बनियनवरच ते ओट्यावर येऊन बसले. ईशाला आभाळ ठेंगणं झालं. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली, आणि त्यांना नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आता नाही ना जाणार रुचीकडे?"

"नाही गं. आता कशाला?" बाबा हसल्यासारखं करून म्हणाले. "दिवाकरने दुकानातून खिशात ठेवायचं, तारेचं कानाचं मशीन आणलं होतं, वापरून बघायला. पहिल्या दिवशी रुचीचा शब्द न् शब्द आला, पाठीमागून. म्हटलं, जमलं तर घ्यायचं, आणि तुला न सांगता एक दिवस डोळे मिटून तुझं भाषण ऐकायचं." त्यांनी फुललेल्या कण्हेरीकडे पाहिलं. "पण नंतर काय बिघडलं, कोण जाणे. आज परत करून टाकलं. कानात घातलं की नुसतं साचाखातं सुरू व्हायचं."